ओटीवरचा दूतावास

आर्मेनिया आणि अझरबैजान या दोन देशांमधले राजनैतिक संबंध काही वर्षं रत्नागिरीत, आमच्या शेजारच्या चाचांच्या ओटीवरून चालत होते, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. खुशाल हसा, मीही हसायचो. तरुणपणी चाचा गुजरातेत तेलविहिरीच्या छावणीवर खानसामा होते. तिथे सोव्हिएत देशातून आलेले दोन इंजिनिअर एकाच तंबूत राहायचे, एक बाकूचा आणि एक येरेवानचा. त्यांना कालवण वाढता वाढता चाचा रशियन शिकले. पुढे तो देशच मोडला, मित्रांचे दोन देश झाले, त्यांच्यात युद्ध पेटलं आणि टपालही बंद पडलं. मग दोघांची पत्रं चाचांकडे यायला लागली. चाचा पाकीट बदलून ती पुढे रवाना करत. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारा लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय.

पोस्टात जाताना ते इस्त्रीचा सदरा घालत. ओटीवर दोन घड्याळं होती, एक बाकूचं, एक येरेवानचं, आणि दोन्ही एकच वेळ दाखवत. मी खोडी काढली, तर म्हणाले, "वेळ एकच हाय रे त्यांची. तरी बोलत नाय एकमेकांशी." दर मे महिन्यात दोघांना आंब्याचं साठ, म्हणजे उन्हात वाळवलेली आंबापोळी, जाई. चाची काट्यावर सारखे तुकडे तोलेपर्यंत चाचा तिथून हलत नसत. "बाकूला गुंजभर जास्त गेलां तर येरेवान काय म्हणंल?" चाची म्हणायची, "आधी घरात काय शिजवायचां ता बोला."

एका वर्षी येरेवानहून मित्राच्या बायकोचं चार ओळींचं पत्र आलं. मित्र गेला होता. हे बाकूला कळवायला हवं होतं आणि चाचांच्याने लिहवेना. इकडे बाकूची पत्रं येतच होती, तो गप्प का, रागावला का? चाचा महिनाभर पोस्टाच्या रस्त्याला फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटलं, थट्टाही सुचेना. शेवटी एका सकाळी त्यांनी लिहिलं. सोबत साठ पाठवलं, दोघांच्या वाट्याचं, एकाच पुड्यात.

दोन महिन्यांनी बाकूहून पुडा आला. आत अर्धं साठ होतं आणि एक चिठ्ठी. चाचांनी ती मला वाचून दाखवली, "हा त्याचा वाटा. त्याच्या घरी पोचव." मग त्यांनी ते साठ काट्यावर घातलं. "बघ," म्हणाले, "गुंजभर कमी नाय." आणि इस्त्रीचा सदरा चढवून पोस्टाकडे निघाले.

चाचा आता नाहीत. त्यांची घड्याळं चाचीने मला दिली. मी ती शेजारी शेजारी लावली आहेत. त्यातलं एक जरा मागे पडलं, की हातातलं काम टाकून मी उठतो.