पारोळ्याला थांबवा

"तुमच्या पायांत दोष नाही. पायांकडे जाणाऱ्या नसांत आहे," डॉक्टर म्हणाले. "या आजाराला जीबीएस म्हणतात. गिलेन बारे सिंड्रोम."

मी धुळ्याच्या एका दवाखान्यात स्ट्रेचरवर आडवी होते आणि मला भीती नाही, राग आला. म्हटलं, नाव काय ठेवायचं ते ठेवा, आधी मला उठवून बसवा, माझी उद्या जळगावला चार कामं आहेत. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती कधीकधी वाट चुकते आणि आपल्याच नसांवर तुटून पडते. वायरवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं नसांवरचं आवरण जातं, मग मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. हे पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं.

"छातीपर्यंत गेलं तर काही दिवस श्वास मशीनवर द्यावा लागेल," ते म्हणाले. "बहुतेक लोक बरे होतात. पण वेळ लागतो. धीर धरायचा."

धीर हा माझा प्रांतच नव्हे. ज्यांच्या घरात हा आजार येईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

पंधरा-वीस दिवस आधी मला जुलाब झाले होते. ते कुणाला होत नाहीत? साखर-मिठाचं पाणी प्यायले आणि कामाला लागले. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. वय झालं, म्हटलं. एके दिवशी जळगावच्या पोलीस कचेरीच्या व्हरांड्यातून चालताना मागून गोमीबाईने हाक मारली, "अदी, चप्पल!" वळून बघते तर माझी एक चप्पल दहा पावलं मागे पडलेली, आणि मला पत्ता नाही. गोमीबाईने ती उचलून आणली, माझ्या पायात सरकवली. मी हसले, तिलाही हसवलं. तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. मुंग्या खालून वर चढत असतील, चालताना पाय दुमडत असतील, तर तेल-मालीश, झाडपाला, गंडेदोरे काही करत बसू नका. जिथे श्वासाचं मशीन आहे अशा ठिकाणी जा, आणि त्याच दिवशी जा.

गोमीबाई कोण ते सांगायला हवं. मी जळगावात एका ट्रस्टचं काम करते. सिंध सोडून आलेली कुटुंबं आमच्याकडे येतात. पाकिस्तानातलं घरदार, शेत, दुकान टाकून आलेली माणसं. त्यांच्या मुलांना शाळेत घालणं, खोली मिळवून देणं, व्हिसाची मुदत वाढवून घेणं, नागरिकत्वाच्या अर्जामागे लागणं, हे आमचं काम. गोमीबाई साठीची, मुलगा-सुनेबरोबर आलेली. पापड लाटते. मला अदी म्हणते. त्यांच्या बोलीत अदी म्हणजे बहीण.

आमच्या कामाच्या दोन रीती आहेत. पहिली अशी की साहेबासमोर ज्याचं त्याने बोलायचं. मी कचेरीपर्यंत बरोबर येते, पण बाहेरच्या बाकावर बसते. "मी दाराबाहेर आहे. पाऊल तू टाक." नवी माणसं रडकुंडीला येतात, मला कठोर म्हणतात. म्हणोत. ज्याला इथे जन्म काढायचाय त्याला इथल्या साहेबाशी बोलता आलं पाहिजे.

दुसरी रीत म्हणजे पारोळा. ज्यांचे कागद अजून पुरे झाले नाहीत त्यांना जिल्ह्यापुरतीच परवानगी असते. विचारल्याशिवाय जिल्हा सोडला आणि कुणाच्या नजरेत आलं, की अर्जावर शेरा बसतो. वर्षानुवर्षांची खटपट पाण्यात, आणि वाईटात वाईट म्हणजे परत जा. धुळ्याच्या रस्त्याला पारोळा हे आमच्या जिल्ह्यातलं शेवटचं मोठं गाव. म्हणून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी पहिल्या दिवशी बजावते, पारोळ्यापलीकडे पाऊल नाही. लग्न असो, मयत असो. आमच्याकडची शेंबडी पोरंसुद्धा हे पाठ म्हणतात.

धुळ्याला मी गेले होते ती नानांबरोबर. नाना आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, पाइपांचे व्यापारी. मन सोन्याचं, हात सैल, आणि कागदपत्रांशी त्यांचा संबंध सहीपुरता. एका व्यापाऱ्याने देणगी कबूल केली होती, त्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे एकदम दुमडले. नानांनी उचलून गाडीत घातलं. दवाखाना धुळ्यातलाच जवळ होता, आणि माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्यातच दिलेली. म्हणून मी तिथेच राहिले.

मग तपासण्या. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यात बारीक सुई घालून पाणी काढतात. सांगतात तितकं दुखत नाही, हलायचं मात्र नाही. एनसीव्ही, म्हणजे नसांना विजेचे लहान झटके देऊन निरोप किती वेगाने धावतो ते बघतात. माझे निरोप रखडत चालले होते. मग आयव्हीआयजी नावाचं औषध सलाइनमधून सुरू झालं. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेलं असतं ते, वाट चुकलेल्या शक्तीला आवर घालतं. कोण कुठले लोक, त्यांचं रक्त माझ्या अंगात थेंब थेंब येत होतं, आणि मी मान वळवूनही बघू शकत नव्हते.

रोज सकाळी डॉक्टर म्हणायचे, एका श्वासात जितके आकडे म्हणता येतील तितके म्हणा. पहिल्या दिवशी मी तिशी ओलांडली आणि त्यांच्याकडे ऐटीत बघितलं. नंतर विशी, मग बारा. ज्या दिवशी सातवर दम तुटला त्या दिवशी ते म्हणाले, "आता नळी घालू या. घाबरू नका, हे तुम्हाला विश्रांती देण्यासाठी आहे." मी घाबरले. जिभेला हाड नसलेली बाई मी, तोंडात नळी जाणार म्हणजे बोलणं बंद. अक्काचा हात धरायचा होता, पण माझी बोटं हलेनात. तिनेच माझा धरला. अक्का घरात अहिराणीच बोलते. म्हणाली, "मी आठे शे. बठ्ठं बरं व्हई जाई." मी इथे आहे, सगळं बरं होईल.

व्हेंटिलेटरवरच्या माणसाबद्दल एक सांगते, नातेवाइकांनी ध्यानात ठेवा. त्याला सगळं ऐकू येतं. माझ्या खाटेशी उभं राहून लोक हळू आवाजात काय काय बोलले, मला सगळं माहीत आहे. आमच्या एका नातलगाने तर पुढची तयारी काय करायची तेही विचारलं. पापण्या तेवढ्या चालत होत्या, नाहीतर त्याला सांगितलं असतं.

आणि अशात एका सकाळी, भेटायच्या वेळेला, अक्का हसत आत आली. नानांचा फोन आला होता म्हणे. माझी माणसं जळगावात रडतायत, हे नानांना बघवेना. त्यांनी क्रूझर गाडी केली होती आणि गोमीबाईसकट सगळ्यांना घालून निघालेसुद्धा होते. एरंडोल मागे पडलं होतं.

एरंडोलनंतर पारोळा. त्यानंतर आमचा जिल्हा संपतो.

मला ओरडायचं होतं. छातीत ठोके असे पडायला लागले की वरचं मशीन वाजू लागलं. गोमीबाईच्या घरच्यांचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता. गाडीत बाकीचे कोण, तेही मला कळत होतं. एकेकाचे चेहरे दिसत होते. रस्त्यात कुणी गाडी अडवली, नावं विचारली, तर? आणि कशासाठी, तर मला बघण्यासाठी. नर्स धावत आली. बाई घाबरल्यात, म्हणाली, झोपेचं इंजेक्शन विचारून येते. मी पापण्या जोरजोरात फडफडवल्या. मी झोपले असते तर त्यांना थांबवणारं दुसरं कुणी नव्हतं.

अक्का माझी बहीण. लहानपणापासून माझे डोळे वाचत आलेली. ती नर्सला म्हणाली, थांबा, हिला काहीतरी सांगायचंय. नर्स शहाणी होती. तिने सांगितलं की अक्षरं म्हणा, हवं ते आलं की या डोळे मिटतील. अक्का शाळेतल्या पोरीसारखी क ख ग घ म्हणू लागली. 'प'ला मी डोळे घट्ट मिटले.

पाणी? मी डोळे उघडे ठेवले. पाय? पाठ? उघडेच. तिने पुन्हा 'क'पासून सुरू केलं. इतकं सावकाश, की मला तिचा राग राग आला, आणि त्याच वेळी तिच्या कपाळावरचा घामही दिसत होता. 'र'ला मिटले.

"पारोळा?" अक्का म्हणाली.

मी डोळे इतके घट्ट मिटले की ते आता उघडतच नाहीत, अशी भीती तिला वाटली म्हणे.

"पारोळाले काय शे तुनं?"

पुन्हा अक्षरं. 'थ'. थंडी? थुंकी? थांब? मिटले. पारोळ्याला थांब, ती स्वतःशीच म्हणाली, कोण थांबेल? मग तिची नजर हातातल्या फोनकडे गेली.

पुढचं मला नानांनी सांगितलं. अक्काचा फोन आला तेव्हा गाडी पारोळ्यात शिरत होती. नाना म्हणाले, अहो, धुळं म्हणजे काय परदेश आहे का? अक्का म्हणाली की ते मला माहीत नाही, ती डोळ्यांनी एकेक अक्षर सांगतेय, पारोळ्याला थांबवा. फोनचा आवाज गाडीत सगळ्यांना ऐकू जात होता. गोमीबाईने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी कडेला घ्यायला लावली.

नाना एकटेच धुळ्याला आले. बरोबर सगळ्यांनी बांधून दिलेले डबे. मी काही खाऊ शकत नव्हते, तरी त्यांनी ते माझ्या खाटेशेजारी मांडले. मग स्टुलावर बसून रुमालाने डोळे पुसायला लागले. मोठा माणूस, इतक्या जणांना आधार देणारा, मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "ताई, गोमीबाईला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग गाडीत बसलीस कशाला? तर म्हणाली, अदीला एकदा बघायचं होतं. कागद काय, पुन्हा करू."

पुन्हा करू! त्या कागदांसाठी मी आणि तिने किती उन्हाळे त्या व्हरांड्यात काढलेत. मला तिचा संताप आला, आणि डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. नर्सने ते पुसलं.

आजार चढतो पटापट आणि उतरतो गोगलगाईच्या चालीने. आधी मान हलू लागली, मग खांदे, मग बोटं. नळी निघाली त्या दिवशी माझा आवाज फाटक्या ढोलासारखा होता, पण होता. पहिल्यांदा मी अक्काला अक्का म्हटलं, आणि लगेच त्या पुढची तयारी विचारणाऱ्या नातलगाचं नाव घेतलं. अक्का म्हणाली, तू बरी झालीस.

फिजिओथेरपी, म्हणजे स्नायूंना पुन्हा चालतं करायचे व्यायाम, हा या आजाराचा खरा डोंगर. औषध डॉक्टर देतात, हे आपल्यालाच करावं लागतं. मी रडले, शिव्या दिल्या, एकदा तर वॉकर ढकलून दिला. ज्यांना हे करायचंय त्यांनी खुशाल रडावं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहावं. घरी सोडलं तेव्हा मी वॉकर धरून वॉर्डात थोडं चालत होते, तेही कुणी बघत नसताना. पाय टाकताना सगळं अंग वेडंवाकडं हलायचं. नानांना बजावलं होतं, मी येतेय हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या माणसांनी मला असं बघायला नको होतं. ज्या बाईने त्यांना ताठ उभं राहायला शिकवलं तिलाच दोघं धरून नेतात, हे मला सोसणार नव्हतं.

नानांच्या पोटात काही राहतं का? अक्काला बरोबर घेऊन आम्ही जळगावला निघालो, तर पारोळ्याच्या स्टँडपाशी त्यांनी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला सगळे उभे होते. बाया, माणसं, पोरं, आणि पुढे गोमीबाई. एरवी गलका करणारी माणसं, पण कुणी हाक मारली नाही की कुणी धावत आलं नाही. मी नानांवर ओरडले, गाडी पुढे घ्या. नानांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, उतरून मागून वॉकर काढला आणि माझ्या दाराशी उघडून ठेवला.

गोमीबाई चार पावलांवर येऊन थांबली. माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालेलं तिने मलाच सांगितलं, तिच्या मोडक्या मराठीत.

"अदी, मी दाराबाहेर आहे. पाऊल तू टाक."

मी उतरले. अक्का धरायला आली, तिला मी नको म्हटलं. पाय थरथरत होते, वॉकर डांबरावर खडखडत होता, आणि माझं तोंड वाकडं होत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. गोमीबाई जागची हलली नाही. हातही पुढे केला नाही. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा कुठे तिने मला धरलं, इतकं घट्ट की मला डॉक्टरांचे आकडे आठवले. मला तिला खूप बोलायचं होतं. रागवायचं होतं, गाडीत कशाला बसलीस म्हणून, आणि थांबलीस म्हणून पाया पडायचं होतं. एक शब्द फुटेना, आणि या वेळी तोंडात नळी नव्हती.

तिने मला सोडलं, पदराने माझं तोंड पुसलं, मग खाली वाकून माझ्या पायांकडे बघितलं.

"दोन्ही चपला आहेत," ती म्हणाली.