दोन ठिपक्यांचं भिंग

सरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर दोन ठिपके दाखवायचे, नाहीतर पीएचडीचा विषय बदलायचा.

माझा विषय म्हणजे सपाट भिंग. फिल्मच्या तुकड्यावर एकात एक वर्तुळं छापायची, काही काळी, काही कोरी. त्यांच्या कडांवरून प्रकाश वळतो आणि पुढे एका ठिपक्यात गोळा होतो. सगळे जण एक काळं, एक कोरं असं आखतात. मी क्रम लावला तो आकड्यांच्या माळेवरून: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ. मागचे दोन मिळवले की पुढचा. वर्तुळंही तशीच जोडत गेलं की मधूनमधून दोन कोरी शेजारी येतात. गणित सांगत होतं, अशा भिंगाचे ठिपके दोन पडतील, एक जवळ, एक लांब. सर म्हणाले, "आकड्यांशी खेळायचं तर घरी खेळा. कोळीवाड्यातून इथवर आलात, पदवी घ्या आणि नोकरीला लागा." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. कोळ्याच्या पोरीला गणित आवडूच नये की काय?

फिल्म काढून घेतली चौलच्या छपाईवाल्याकडून. तो हळदीच्या पत्रिका छापतो, आणि इतकी बारीक फिल्म आमच्या भागात तोच काढतो. घरी पडदे ओढले, लेझर लावला, समोरचा पुठ्ठा मागेपुढे केला. ठिपका एकच. चांगला टोकदार, पण एकच! सरांना फोटो पाठवला तर ते खूश. "मी म्हणत नव्हतो? हेच लिहून काढा, छापून येईल." मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. गणित पुन्हा तपासलं, चूक सापडेना. मग हातभिंगातून फिल्म बघितली आणि कपाळावर हात मारला. सगळी वर्तुळं एकाआड एक, शाळेतल्या शहाण्या मुलांसारखी.

तशीच छपाईवाल्याकडे गेले.

"ताय, दोन-दोन कोरी शेजारी आली व्हती," तो म्हणाला. "मंग मधली काली गलली असतील, म्हणून मी भरली ना."

त्याची सवयच ती. पत्रिकेत कुणाचा काका गळला तर हा न विचारता घालतो, नाहीतर हळदीच्या मांडवात जुंपते.

"अहो दादा, गळलेली नाहीत ती! मला तशीच हवीत!"

"आसं वाकडं छापलं तर लोक मला नावं ठेवतील."

"ठेवू देत. माझं नाव सांगा त्यांना!"

नवी फिल्म निघेपर्यंत मी त्याच्या खुर्चीमागून हलले नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत सरांनी स्वतः पुठ्ठा सरकवला. ठिपका आला, विस्कटला, आणि पुढे पुन्हा आला. त्यांनी परत सरकवून बघितलं. परत तेच.

"पण दोन ठिपक्यांचा उपयोग काय?" ते म्हणाले. "नजर एका जागी ठरली पाहिजे."

"सर, पुठ्ठा बघताना तुम्ही चष्म्याच्या खालच्या काचेतून बघता आणि लेझर बघताना वरच्या. तुम्हाला एका चष्म्यात दोन नजरा लागतात, मग माझ्या भिंगाला का नकोत?"

त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"विषय बदलणार नाही," मी म्हणाले आणि त्यांच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला.

"बरं, लिहा मग," सर म्हणाले.

ते तर मी लिहिणारच होते.