मोंघीबेनचे मासे

शेजारच्या कांठापोर गावची मोंघीबेन माछी आमच्या प्लांटवर कामाला लागली तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. नक्की वय तिलाही ठाऊक नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी लिहिलेलं होतं आणि त्यावर ती हसायची. "अर्ध्या कांठापोरचा जन्म एकाच दिवशी झालाय, भाई. सुईण धावून धावून मेली असेल त्या दिवशी."

आमचा प्लांट म्हणजे वसाहतीतल्या दोनशे रसायन कारखान्यांचं सांडपाणी एकत्र येतं ती जागा. रंगवाले, औषधवाले, कीटकनाशकवाले, सगळ्यांचं पाणी नळातून नाहीतर टँकरने आमच्याकडे येणार. आम्ही त्यातला गाळ काढायचा, मोठ्या टाक्यांत हवा सोडून जंतूंना घाण खायला लावायची, आणि उरलेलं पाणी खाडीत सोडायचं. दक्षिण गुजरातेत ओढ्यालाही खाडीच म्हणतात. मी नवापूरहून आलो आणि इथल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली. पाण्याचे आकडे मी काढायचो आणि कागदावर सही माझी असायची.

मोंघीबेनच्या घरातले सगळे याच खाडीवर जगलेले. झिंगे आणि शिंगाळा मासे टोपलीभर मिळायचे, असं ती सांगायची. वसाहत आली, मासे गेले, मग नवराही कावीळ होऊन गेला. दीर ईश्वर आधीपासून प्लांटवर प्लंबर होता. त्याने शब्द टाकला म्हणून तिला झाडलोटीचं काम मिळालं.

वर्षभरातच तिच्या नाकाची ख्याती झाली. सकाळी फाटकातून आत येताना ती हवा हुंगायची आणि मला खिडकीतून सांगायची, "भाई, आज रंगवाल्याने धूर न धुताच सोडलाय. घशात खवखवतंय." मी फोन लावायचो आणि दहातल्या आठ वेळा तिचं बरोबर निघायचं. धुरावर पाण्याचा फवारा मारणारं यंत्र तिथे खरंच बंद असायचं. हे बघून आमच्या मॅनेजरने, हसित पारेखसाहेबांनी, तिला बढती दिली. माशांची टाकी तिच्या ताब्यात आली.

आमचं शेवटचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, नाल्याच्या कडेला, एक मोठी काचेची टाकी होती. तिच्यावर पाटी: 'शुद्ध केलेल्या पाण्यात जगणारे मासे'. नळाने पाणी सतत आत यायचं आणि दुसऱ्या बाजूने वाहून जायचं. शाळेच्या सहली यायच्या, परदेशी पाहुणे यायचे, सरकारी तपासनीस यायचे, आणि सगळे त्या टाकीसमोर फोटो काढायचे. मोंघीबेन माशांना बाजरीच्या पिठाच्या गोळ्या घालायची, काच पुसायची, आणि कुणी विचारलं की पदर सावरून सांगायची, "कारखान्यांचं पाणी आहे हे. हात घाला, बघा."

घरी जाऊनही ती तेच सांगायची. कांठापोरच्या बायकांनी खाडीवर कपडे धुणं सोडलेलं होतं. मोंघीबेनने त्यांना परत आणलं. "मी रोज बघते ना, मासे पोहतात. तुम्हाला काय धाड भरलीय?" तिची शेजारीण राईबेन सगळ्यांत आधी आली, कारण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आलेल्या. राईच्या आठ शेळ्या खाडीवर पाणी प्यायला लागल्या. मोंघीच्या स्वतःच्या तीन होत्या, त्याही.

ईश्वर मात्र आपली म्हैस लांबच्या रस्त्याने विहिरीवर न्यायचा. यावरून तिचं आणि त्याचं एकदा कडाक्याचं वाजलं. "वहिनीच्या शब्दावर गाव चालतंय, आणि सख्ख्या दिराचा विश्वास नाही. जळतोस तू माझ्यावर."  ईश्वर विडी विझवून निघून गेला.

अशी चार वर्षं गेली. राईच्या शेळ्यांना मेलेली करडं व्हायला लागली. बायकांच्या पायांना खाज सुटून कातडी सोलायची. "साबण बदला," असं मोंघीबेन म्हणायची. करडांचं तिला कोडं पडलं होतं, पण पाण्यावर संशय घ्यायला ती तयार नव्हती. तिचे मासे जिवंत होते ना.

त्या वर्षी मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, प्लांटच्या बोअरची मोटर जळाली. कॅन्टीनला पाणी नाही, बागेला नाही, संडासात नाही. चहा मिळाला नाही म्हणून सगळे वैतागले होते. मोंघीबेन टाकीपाशी गेली तर तिचाही नळ कोरडा. शेजारी हातभर अंतरावर शेवटच्या पाण्याचा नाला मात्र नेहमीसारखा भरून वाहत होता.

नळात कचरा अडकला असेल असं समजून तिने ईश्वरला हाक मारली. तो मोटरीच्या खड्ड्यात उतरलेला होता. तिथूनच ओरडला, "थांब भाभी, मोटर बसली की येईल तुझंही."

मोंघीबेन जागच्या जागी उभी राहिली. मग खड्ड्याच्या काठाशी गेली.

"बोअरच्या मोटरीचा आणि माझ्या टाकीचा काय संबंध रे?"

ईश्वरने वर पाहिलं. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. ती मला नंतर म्हणाली, "भाई, त्याचं तोंड बघितलं. म्हशीचा लांबचा रस्ता मला त्या क्षणी कळला."

तिने बादली घेतली, नाल्यातलं पाणी भरलं, आणि टाकीतले दोन मासे ओंजळीने काढून त्यात सोडले. ईश्वर चिखलाच्या पायांनी धावत आला. "नको भाभी, नको." ती बादलीशी उकिडवी बसली. मासे आधी जोरात फिरले, मग वर येऊन तोंडं उघडायला लागले. एक कुशीवर झाला, थोड्या वेळाने दुसराही.

मी प्रयोगशाळेत होतो. तिने बादली आणून माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवली. पाणी सांडलं, शाई पसरली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"भाई, माझी टाकी बोअरवर चालते. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. नाल्याच्या काठाने मी रोज जायचो, टाकी रोज बघायचो, आणि तो नळ कुठून येतो हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"नव्हतं ठाऊक," ती म्हणाली. "मग तुमचे आकडे काय सांगत होते?"

आकडे वाईट होते. दिवसातून सहा वेळा मी पाणी तपासायचो, त्यात चार वेळा घाण मर्यादेच्या दुप्पट निघायची. पारेखसाहेब म्हणायचे, "वाईट तासांचं सोडा हो, विजेमुळे होतं ते. चांगल्या दोन तासांचं लिहा." मी तेच लिहायचो. मनाला सांगायचो, एवढं काही वाईट नसणार, मासे तर जगताहेत. तिने माझ्या आकड्यांवर विश्वास टाकला नव्हता, तिला ते वाचताही येत नव्हते. मीच तिच्या माशांवर टाकला होता.

मोंघीबेन, ईश्वर आणि मी पारेखसाहेबांच्या खोलीत गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. कामगारांच्या लग्नांना यायचे, आजारपणात गाडी पाठवायचे. बादलीत वाकून पाहत ते म्हणाले,

"मोंघीबेन, टाकी बसवली त्या पहिल्या वर्षी मासे मरत होते. मोठ्या पाहुण्यांची भेट ठरली होती. तेव्हा ईश्वरकडून बोअरची लाईन टाकून घेतली. आठ दिवसांपुरती. मग राहून गेली."

"राहून गेली?" मोंघीबेन म्हणाली. "साहेब, शेळ्यांना मी हे पाणी पाजलंय, गावाला त्यात उतरवलंय."

"मी कुठे सांगितलं होतं गावाला त्यात उतरवायला?"

तिने ईश्वरकडे वळून पाहिलं. "आणि तू? माझ्या शेळ्या पीत होत्या. राईची करडं मी पुरली, माझ्या हाताने. तेव्हा तोंड उघडलं नाहीस?"

"भाभी, तुझी नोकरी होती, माझी होती," ईश्वर म्हणाला.

त्या दुपारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली. खाडीवर बायका कपडे धूत होत्या. पुढचं मला राईबेनने सांगितलं. मोंघी काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्यातून बाहेर या. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला खोटं वाटलं नव्हतं, पण सांगितलं मी." कुणाला आधी समजलंच नाही. समजल्यावर राईबेनने हातातलं ओलं लुगडं पिळायचं सोडून तिच्या तोंडावर मारलं. मोंघीने तोंड पुसलं नाही. घरोघर जाऊन तिने तेच वाक्य पुन्हा सांगितलं, सत्तावन्न घरांत. काहींनी दार लावून घेतलं.

नऊ दिवसांनी सरकारी तपासणी होती. बोअरची मोटर दुरुस्त झाली होती, टाकीत नवे मासे आले होते. पारेखसाहेबांनी मोंघीबेनला आदल्या दिवशी बोलावून नीट समजावलं. पावसाळ्यानंतर लाईन बदलू, मी शब्द देतो, पण आज प्लांट बंद पडला तर दोनशे कारखान्यांतले लोक घरी बसतील, तुझ्या गावचेही. ती ऐकून घेऊन परत गेली. ती मानली असं साहेबांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

तपासनीस एक तरुण बाई होत्या, नव्याने बदलून आलेल्या. त्या टाकीपाशी थांबल्या आणि गुजरातीत मावशीला म्हणतात तशी हाक मारून त्यांनी सहज विचारलं, "काय मासी, मासे कसे आहेत?"

"मजेत आहेत, बेन," मोंघीबेन म्हणाली. "बोअरचं पाणी पितात."

कुणीतरी हसलं. पारेखसाहेबही हसले. "मासी गमत्या आहेत आमच्या."

"बोअरची मोटर बंद करायला सांगा, बेन. मग गंमत बघा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पारेखसाहेबांनीही. मी नऊ रात्री नीट झोपलो नव्हतो. म्हटलं, "बंद करून बघू या." कळ खाली ओढायला ईश्वर स्वतः गेला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नळाची धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. नाला धो धो वाहत होता. मग मी कपाटातून माझी जुनी वही आणून त्यांच्या हातात दिली. सहाही वेळचे आकडे तिच्यात होते, चार वर्षांचे. का जपून ठेवले होते कोण जाणे.

प्लांट साडेतीन महिने बंद राहिला. कारखान्यांच्या तोट्या बंद झाल्या, हजारो माणसं घरी बसली. मोंघीबेनच्या दारावर कुणी काळं ऑइल ओतलं. खाडीचं पाणी वापरणारेच तिला शिव्या देत होते आणि ती बाजारात मान खाली घालून चालायची. पारेखसाहेबांवर खटला झाला. मलाही निलंबित केलं, आठ महिने. ते योग्यच होतं. ईश्वरने जबानी दिली आणि भावजयीशी बोलायचा प्रयत्न केला. तिने त्याला ओसरीवर बसू दिलं, चहा दिला, पण अजून त्याच्याकडे बघून बोलत नाही.

प्लांट पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रत्येक कारखान्याच्या फाटकाशी स्वतंत्र मापक बसवले होते. ज्याचं पाणी जास्त घाण त्याची तोटी आपोआप बंद. हवा सोडणारी यंत्रं पूर्वी वीज वाचवायला रात्री थांबवायचे, ती आता चोवीस तास चालतात. माझे आकडे खाली आले. पूर्ण नव्हे, पण आले. दुसऱ्या हिवाळ्यात खाडी जिथे नदीला मिळते तिथल्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, निवट्या, दिसल्या म्हणतात. मी स्वतः पाहिलेल्या नाहीत.

मोंघीबेनला नव्या मॅनेजरने टाकीचं काम परत देऊ केलं. तिने नाकारलं. ती आता शनिवारच्या बाजारात सुके बोंबील विकते, समुद्रावरून आणलेले. मागच्या वर्षी तिथे भेटली. म्हटलं, "मोंघीबेन, पाणी सुधारलंय. गावाला तुम्ही सांगितलंत तर बरं होईल."

तिने बोंबलांवरची माशी हाकलली. "माझ्या सांगण्यावरून आता कुणी काही प्यायचं नाही, भाई. मीसुद्धा नाही. आकडा तुमचा, तुम्ही जा. आणि सगळ्यांत आधी राईकडे जा."

पुढच्या रविवारी, गावाला प्यायच्या पाण्याचा टँकर येऊन गेल्यावर, मी राईबेनच्या अंगणात गेलो. तिने बसायला सांगितलं नाही. मी सहाही वेळचे आकडे वाचले, समजावले, मर्यादा किती आणि आपण कुठे ते सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग आत गेली, पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यासमोर धरला.

"प्या," ती म्हणाली. "टँकरचं आहे."