बस म्हटलं आणि तो बसला

मंडळी, आधीच सांगून ठेवते, मी भूत-प्रेत-चकवा असल्या भानगडींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सासरी कोणी दाराला लिंबू-मिरची टांगली तर मी ती संध्याकाळी काढून वरणात टाकते. या सदरातले अनुभव मी वाचते ते जेवताना करमणूक म्हणून, आणि वाचून झालं की नवऱ्याला म्हणते, "यांना झोप पुरत नसन." तर आज मीच लिहायला बसले आहे, याचा माझ्याएवढा धक्का दुसऱ्या कोणाला बसला नसेल...

आम्ही रायपूरला शंकर नगरात राहतो. माझं माहेर वर्ध्याचं. सासरे रेल्वेत होते, त्यामुळे सासरचे लोक कधीचेच इकडचे होऊन गेले. मी नवा रायपूरला एका सरकारी ऑफिसात आहे. घरात मी, नवरा, आमची एकुलती एक मुलगी जुई — आठवीत आहे — आणि कुत्रा. कुत्र्याचं नाव गुपचुप. हसू नका. आमच्याकडे पाणीपुरीला गुपचुप म्हणतात, आणि हे ध्यान जुईला तेलीबांधा तलावापाशी एका गुपचुपच्या ठेल्याखाली सापडलं होतं. रंग तांबूस, पुढचा उजवा पाय पांढरा, आणि डाव्या कानाचं टोक तुटलेलं... लहानपणीच कोणीतरी तोडलं असावं. नाव गुपचुप असलं तरी तोंड मात्र दिवसभर सुरू.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढे तिच्यावाचून काही कळणार नाही. हा कुत्रा वाढवला जुईनं. आणि जुई म्हणजे रायपूरची पोट्टी — मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. त्यामुळे कुत्राही हिंदी मीडियमचा निघाला. 'बैठ' म्हटलं की बसतो, 'आजा' म्हटलं की येतो. मी हट्टानं मराठीत बोलते. मी म्हणते, "गुपचुप, बस!" आणि हिंदीत बस म्हणजे पुरे, थांब. तर माझं 'बस' ऐकलं की हा तोंडातली चप्पल टाकतो, पाय रोवून उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडे पाहतो. मी काय केलं बुवा? आणला त्या दिवसापासून एकदाही माझ्या 'बस'वर तो खाली टेकलेला नाही. नवऱ्याला याचं भारी हसू येतं. पाहुणे आले की मला मुद्दाम म्हणायला लावतो.

दुसरी गोष्ट माझ्या नाकाची. करोना झाला तेव्हा वास जो गेला तो परत आलाच नाही. जन्मभर नाकानं कांदे सोलले आणि शेवटी नाकच कामातून गेलं, असं माझी बहीण म्हणते. दूध करपलं तरी मला कळत नाही. गुपचुप स्वयंपाकघराच्या दारात येऊन भुंकतो तेव्हा कळतं. घरात माझं नाक म्हणजे तोच.

तर जुईची परीक्षा संपली आणि तिनं टुमणं लावलं, कुठेतरी जाऊ, पण गुपचुपला घेऊन. दोन-तीन हॉटेलांना फोन केले. "मॅडम, कुत्ता नहीं चलेगा." मग नवऱ्याला मोबाईलवर एक जागा सापडली. नवा रायपूर ओलांडून पुढे, एका गावाबाहेरच्या तलावाच्या काठी, कॅम्पर व्हॅन उभ्या करून ठेवलेल्या. म्हणजे चाकावरचं घर हो... आत पलंग, ओटा, शेगडी, बाथरूम, सगळं. आणि ठळक लिहिलेलं, कुत्रे आणा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्या लोकांचा धंदा आहे.

जागा खरंच छान होती. एका बाजूला तलावाचा बांध, दुसऱ्या बाजूला मोहाची झाडं, आणि आमची व्हॅन शेवटची. मोह नुकताच गळायला लागला होता. नवरा उतरल्या उतरल्या म्हणाला, काय वास सुटून राहिला आहे! जुईही डोळे मिटून वास घेत उभी राहिली. मी आपली त्यांच्याकडे पाहत बॅगा उतरवल्या. अशा वेळी वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

व्हॅनला दार एकच, बाजूला सरकणारं, आणि इतकं जड की उघडायला दोन्ही हात लावावे लागत. तिथला माणूस म्हणाला, "दीदी, जोर से खींचना, थोड़ा टाइट है." आत ओट्याखालच्या कपाटात छोटा सिलेंडर. दुपारी त्यावर मॅगी केली, खाल्ली, आवरलं. ऊन चटके देत होतं, म्हणून खिडक्या लावून एसी सुरू केला. जुई वरच्या पलंगावर झोपली. ऊन जरा उतरल्यावर नवरा गुपचुपला घेऊन बांधावर फिरायला गेला. मी राहिले. म्हटलं, हे लोक येईपर्यंत चहा करून ठेवू. दुपारी बंद केलेला सिलेंडर सुरू केला आणि कपाटाचं दार दाबून लावलं.

थोड्या वेळानं दार खरवडल्याचा आवाज आला. गुपचुपची घरची सवय, नखांनी दोनदा खरवडतो. मी दोन्ही हातांनी दार ओढलं तर हा खाली उभा. एकटाच. गळ्यात पट्टा नाही.

"बाबाले टाकून आला काय बे?" मी म्हटलं. तो आत चढला. मी वाकून बाहेर पाहिलं, नवरा कुठे दिसेना. वाटलं, पट्ट्यातून मान काढून पळून आला असेल, आता नवरा बोंबलत येईल. फोन लावला तर रेंज नाही. एसी चालू होता म्हणून दार परत लावून घेतलं. तेव्हा एवढंच मनात आलं की आज पहिल्यांदा पोट्टा नावाला जागला, भुंकलाच नाही.

मी शेगडीवर गंज, म्हणजे चहाचं पातेलं, ठेवला, पाणी-साखर टाकली, लायटर घेतला. तर हा मध्ये घुसला, ओटा आणि मी यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत. मी गुडघ्यानं सारलं. तो गुरगुरला. माझ्यावर! जुईवर नाही, नवऱ्यावर नाही, आजवर माझ्यावर तर कधीच नाही. मला रागच आला. मी हात लांब करून शेगडीकडे नेला, तर यानं उडी मारून माझ्या कुर्त्याची बाही तोंडात धरली आणि हात खाली ओढला.

मी ओरडले, "गुपचुप! बस!"

आणि तो बसला. माझ्या दोन्ही पायांवर, सगळं वजन टाकून. मला पाऊल उचलता येईना. वरून जुई झोपेत कुरकुरली, मम्मी चिल्लाओ मत ना, आणि डोकं काढून खाली पाहिलं. मी तिला म्हटलं, झोप तू. लायटर ओट्यावर आपटला. जाऊ दे, बाप आल्यावर करीन चहा, याला तोच सरळ करेल. पाय सोडवून घेतले आणि समोरच्या बाकावर बसले. तोही आला. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

राग किती वेळ टिकतो कुत्र्यावर? मी त्याचं डोकं खाजवायला लागले. कान खाजवला. तुटक्या टोकाची ती खाच बोटाला लागली, हे मी आजही शपथेवर सांगेन. अंग चांगलं गरम होतं. मांडीवर लाळ गळत होती, ती कुर्त्यातून आत लागत होती. स्वप्न नव्हतं, डुलकी नव्हती... मी टक्क जागी होते, बाहेर लख्ख ऊन होतं.

आणि लांबून भुंकणं ऐकू आलं.

आपल्या कुत्र्याचं भुंकणं माणसाला ओळखू येतं, पोटच्या पोराचं रडणं ओळखू येतं तसंच. मी खिडकीतून पाहिलं. बांधावरून माझा नवरा येत होता, आणि त्याच्यापुढे लाल पट्टा ताणून, पांढरा पाय टाकत, गुपचुप.

मंडळी, माझा हात अजून त्या कानावर होता.

मी खाली पाहिलं. तो होता. मान वर करून माझ्याकडेच पाहत होता. हात काढून घ्यावा हे सुचलंच नाही. परत खिडकीबाहेर पाहिलं. गुपचुप आता व्हॅनकडे अक्षरशः झेपावत होता, नवरा त्याच्यामागे ओढला जात होता. पायऱ्यांपाशी आल्यावर मात्र त्यानं चारही पाय रोवले, आत येईना, नुसता भुंकत सुटला. नवऱ्यानं दार ओढलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कशाले हात लावू नको!" तो ओरडला. "गॅस आहे! पोट्टीले घे अन् बाहेर ये!"

मांडीवर काही नव्हतं. कधी गेला, मी पाहिलं नाही. जुईला दंडाला धरून मी पलंगावरून खाली ओढलं आणि दोघी अनवाणी उन्हात आलो. नवरा नाकाला रुमाल लावून आत गेला आणि सिलेंडर बंद करून आला. तिथला माणूस धावत आला, त्यानं बाहेरून लाइट तोडली, सगळ्या खिडक्या उघडल्या. शेगडीची नळी कपाटाच्या दारात दाबून फाटली होती. मी ते दार दाबून लावल्यापासून गॅस आत साचत होता, आणि मी बिननाकाची बाई लायटर घेऊन उभी होते.

नवरा मोहाच्या झाडाखाली मटकन खाली बसला. "लायटर मारला असतास तर..." एवढंच म्हणाला आणि जुईचा हात धरून ठेवला, सोडेचना. मीही रडले. जुई वर झोपलेली होती हो. माझी एकुलती एक पोट्टी.

मग मी त्याला सांगितलं. तो आधी म्हणाला, "गावातला कोणतातरी कुत्रा असन, त्याच रंगाचा." मी म्हटलं, बरं. मग गेला कुठून? दार तुम्हीच ओढलं. तुमच्या पायातून गेला काय? मी त्याला मांडीवरचा ओला डाग दाखवला, त्यानं बोट लावून पाहिलं. गॅसचा वास गेल्यावर आत जाऊन बाकाखाली, बाथरूममध्ये, पलंगाच्या खाली शोधलं. काही नाही. आमचा गुपचुप मागून आत आला, ओट्यासमोरची जमीन बराच वेळ हुंगली, आणि ती जागा सोडून कडेकडेनं गेला. भुंकला नाही.

आम्ही तशीच गाडी काढली. नवा रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर गुपचुप जुईच्या मांडीवर झोपला होता. एकदम जुई म्हणाली, "मम्मी... आपने बस बोला था ना? और वो बैठ गया था."

मी मागे वळले. इतक्या गडबडीत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुले दिसलं होतं?"

"हाँ. ऊपर से पूरा नहीं, पीठ और पूँछ दिखी. आपके पैर पे बैठा था." मग ती गुपचुपकडे पाहायला लागली. "ये तो आपके बस पे कभी नहीं बैठता."

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. त्यानं आजवर त्या 'बस'वर परत विनोद केलेला नाही.

ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गॅसनं डोकं जड होतं, भास होऊ शकतात. होऊ शकतात, मान्य. पण मला आणि जुईला एकच भास? आणि भासाची लाळ गळते? गावातला कुत्रा म्हणावा, तर छत्तीसगडच्या खेड्यातल्या कुत्र्याला मराठीत 'बस' कोणी शिकवलं? माझ्या सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. मी नको म्हटलं नाही... यातच काय ते समजा. दारची लिंबू-मिरचीही हल्ली जागच्या जागी असते.

मला काहीच कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा, भांडणार नाही. मी मात्र त्या दिवसापासून एक करते. रोज सकाळी चहाचा गंज ठेवला, लायटर हातात घेतला, की गुपचुपला हाक मारते. तो येतो. मी म्हणते, "बस."

तो पाय रोवून उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडे पाहतो. तो उभा आहे हे नीट पाहून घेते, आणि मगच गॅस पेटवते.