नानांसाठी बसवलेली जॉयस्टिक

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या हट्टानं, पण जॉयस्टिक आली ती नानांच्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी धुळ्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. शनिवारी दुपारी जळगावला घरी यायचो आणि सोमवारी सकाळी परत जायचो. नाना म्हणजे माझे वडील. ते रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, ड्यूटी भुसावळहून. बरीच वर्षं मालगाड्या चालवून ते पॅसेंजरवर आले होते, आणि लवकरच मेल-एक्स्प्रेस मिळेल अशी डेपोत चर्चा होती. गावाकडून कुणीही आलं की माय चहाच्या आधी तीच बातमी द्यायची.

कॉम्प्युटरवर मी एक अवकाशयानाचा खेळ टाकला होता. काळं आकाश, तारे, दूर गोल फिरणारं एक स्टेशन. यान सांभाळत त्या स्टेशनाच्या दारातून आत न्यायचं. एका रविवारी नाना मागे येऊन उभे राहिले.

"बठ्ठं आकाश रिकामं शे," ते म्हणाले. "मंग हाऊ थांबस कोठे?"

यान जिथं थांबतं ते स्टेशन मी दाखवलं.

"म्हणजे गाडी प्लॅटफॉर्मले लावनी. सरक."

नाना बसले आणि एका बोटानं कीबोर्डची बटणं दाबू लागले. यान स्टेशनाच्या भिंतीवर आदळून फुटलं. पुन्हा फुटलं. नाना चिडले. "हाई टायपिंग शे, चालवणं नही. हातमा दांडा पाहिजे."

जळगावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात तेव्हा दोनच प्रकारच्या जॉयस्टिक होत्या. एक हलकी, बुडाला रबराच्या वाट्या असलेली, टेबलाला चिकटणारी. दुसरी जड, ताठ स्प्रिंगची, बैठकीवर वेगासाठी एक चाकी असलेली. मी बटणं मोजत बसलो. नानांनी बटणांकडे पाहिलंही नाही. दांडा कडेला नेऊन सोडायचा आणि तो आपोआप मध्ये येतो का पाहायचं, एवढंच त्यांनी दोन्हींवर करून पाहिलं. हलकीचा दांडा मध्ये येऊन डुलत राहिला. जडचा आला आणि थांबला. ती घेतली. मात्र वेगाची चाकी त्यांना पसंत नव्हती. "रेडिओना आवाज वाढाडाले बरी शे," म्हणाले.

वेगळा थ्रॉटल, म्हणजे वेगाचा स्वतंत्र दांडा, आमच्याकडे मिळत नव्हता. मी तो धुळ्यात लॅबमध्ये केला. लाकडी खोका, त्यातून वर येणारा लोखंडी दांडा, आणि दांड्यानं फिरेल असा विजेचा एक रोध, म्हणजे फिरवला की वीज कमी-जास्त करणारा भाग. पहिल्यांदा मी रेडिओच्या आवाजाच्या बटणातला रोध बसवला. घरी आणून लावला तर अर्धा दांडा पुढे जाईपर्यंत यान हलेचना, आणि मग एकदम उसळलं.

"हाई गाडी शे का बकरी?" नाना म्हणाले. माय स्वयंपाकघरातून हसली.

आवाजाच्या बटणातला रोध मुद्दामच तसा, आधी हळू आणि मग झपाट्यानं चढणारा, बनवतात. मला सरळ चढणारा हवा होता. पुढच्या शनिवारी तो घालून आणला. मग नानांना इंजिनासारख्या नॉच हव्या झाल्या. दांडा खाचेत बसला पाहिजे, कट्ट वाजलं पाहिजे. मी पितळी पट्टीला कानशीनं खाचा पाडल्या. "अजून खोल," ते म्हणाले. मी अजून खोल केल्या.

कॉम्प्युटरच्या मागे, साउंड कार्डावर, जॉयस्टिकसाठी एकच जागा होती. तिथून दोन फाटे काढणारी वायर मी जोडली. एका फाट्यावर जॉयस्टिक, दुसऱ्यावर थ्रॉटल. मग कॉम्प्युटरला हात शिकवायचा, म्हणजे दांडा कुठे आहे ते ओळखायला लावायचं. पडद्यावर एका चौकटीत एक फुली दिसते. दांडा मध्ये सोडा, चारी कोपऱ्यांत फिरवा, थ्रॉटल पुढे-मागे करा, तशी ती फुली चालते. मी सगळं केलं. फुली मधोमध खिळ्यासारखी उभी राहिली.

पण नाना एकटे चालवायला तयार नव्हते. इंजिनावर ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघं असतात. सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं सांगायचं, ड्रायव्हरनं तेच मोठ्यानं परत म्हणायचं. मनातल्या मनात पाहिलेलं चालत नाही. नानांनी मला शेजारी स्टुलावर बसवलं. "जे दिसई ते बोलानं. मी नाराज व्हसू का खूश व्हसू, ते तू पाहानं नही."

"स्टेशन समोर," मी म्हणायचो.

"स्टेशन समोर," नाना म्हणायचे.

"दार उजवीकडे."

"दार उजवीकडे."

शेजारच्या घरातली पोरं खिडकीशी येऊन आमची नक्कल करायची. मला लाज वाटायची. नानांना नाही.

आणि तरी नानांचं यान दारातून आत जाईना. वेग बरोबर असायचा, अंतराचा अंदाज माझ्याहून कितीतरी चांगला. पण अगदी शेवटी, दार समोर आल्यावर, यानाचं नाक थरथरायचं आणि कड घासायची. "मशीनमा काहीतरी शे," नाना म्हणाले. मलाही तसंच वाटलं. एप्रिल महिना होता. जळगावच्या त्या उन्हात भिंतीसुद्धा हाताला पोळतात, तिथं प्लास्टिकच्या जॉयस्टिकचं काय. मी कूलर तिच्याकडे वळवला. दांडा उघडून आतले रोध स्पिरिटनं पुसले. वाटलं, जवळच्या जिनिंग कारखान्यातली कापसाची धूळ बसली असेल. व्होल्टेज कमी-जास्त होतंय म्हणून स्टॅबिलायझर लावला. माझ्या हातात सगळं ठीक चालायचं. नाना बसले की थरथर.

शेवटी ती दुकानात परत नेली. दुकानदारानं स्वतः जोडून पाहिली. फुली मध्ये, शांत. "हातात धरा," तो म्हणाला. मी धरली. शांत. "काहीच नाही हिला," म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली.

दुकानाच्या पायऱ्यांवर मला ते कळलं. खरं म्हणजे आधीच कळायला हवं होतं. मी यंत्राचा एकेक भाग तपासत गेलो होतो, आणि एक भाग तपासलाच नव्हता.

घरी आल्यावर चौकटीतली फुली उघडून मी नानांना म्हणालो, "नुसता धरा, हलवू नका." नानांनी धरला. फुली बारीक बारीक कापत होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पाह्यनं? मना हात नही हालत, तुनं मशीन हालस."

मी हो म्हणालो.

जॉयस्टिकच्या मध्यावर एक मोकळी जागा ठेवता येते. तेवढ्यात दांडा कितीही हलला तरी कॉम्प्युटर दुर्लक्ष करतो. रोध झिजले की लोक ती वाढवतात. मी ती वाढवली, फुली पार थांबेपर्यंत. नाना खेळायला बसले आणि यान सरळ दारातून आत गेलं. त्यांनी मायला हाक मारून दाखवलं. "सुधारलं तुनं मशीन," मला म्हणाले, आणि पाठीवर थाप मारली. ती थाप मला सोमवारी धुळ्याच्या बसमध्येही जाणवत होती.

त्या आठवड्यात नाना चाळीसगाव-धुळे पॅसेंजरवर होते. मला लॅबमध्ये काही सुचेना. मुलं प्रयोग दाखवायला यायची आणि मी मीटरच्या काट्याऐवजी त्यांच्या हातांकडे बघायचो. संध्याकाळी गाडीची शिट्टी ऐकू आली की जीव थाऱ्यावर यायचा: पोचली. सकाळी पुन्हा तेच. गाडीत भाजीवाल्या असतात, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं असतात, कॉलेजची पोरं असतात, त्यांतली काही माझ्याच लॅबमधली. त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. मला होतं. आणि मी काय केलं होतं, तर एक आकडा वाढवला होता.

शनिवारी मी बसनं न जाता चाळीसगावपर्यंत नानांच्या गाडीनं निघालो, इंजिनाला लागून असलेल्या डब्यातून. प्रत्येक ब्रेकला दांडी घट्ट धरून बसलो होतो. एकदाही धक्का बसला नाही. प्रत्येक स्टेशनावर गाडी अशी थांबली की उभ्या माणसाचा तोलही गेला नाही. मला मोठा दिलासा वाटला, आणि त्याच क्षणी त्या दिलाशाची भीतीही वाटली. आज नीट थांबली म्हणून मी आणखी एक आठवडा गप्प बसणार होतो. मग आणखी एक.

रविवारी सकाळी नाना अंघोळीला गेले असताना मी ती मोकळी जागा शून्य केली. नाना टॉवेल खांद्यावर टाकून आले, बसले. मी स्टुलावर.

"स्टेशन समोर."

"स्टेशन समोर."

दार जवळ आलं. यानाचं नाक थरथरू लागलं. नाना माझ्याकडे वळले. "पुन्हा बिघडाडं का रे?"

बापाला तोंडावर असं काही सांगायची आमच्या घरात रीत नव्हती. पण त्या स्टुलावर बसून दुसरं काही बोलायचीही रीत नव्हती.

"नाना, हात हाली राहिना." हात हलतोय, एवढंच मी म्हणालो.

पडद्यावर यान भिंतीला घासून फुटलं. नानांनी दांडा सोडला नाही.

"हात हाली राहिना," ते म्हणाले. सिग्नल परत म्हणतात त्याच आवाजात.

मग उठून अंगणात गेले. मी तिथंच बसून राहिलो. थ्रॉटलला खाचा एवढ्या खोल का हव्या होत्या, ते मला तेव्हा उमगलं. खाचेत बसलेला दांडा हातानं धरून ठेवावा लागत नाही.

मायला कळलं तेव्हा ती माझ्यावर उसळली. "तुले कोनी सांगं व्हतं बोलाले? मेल गाडी मियी राहिनी व्हती ना त्यासले!" नाना बोलले ते एवढंच: "त्याले नको बोलू."

मंगळवारी नाना स्वतःहून भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात गेले. मी रजा टाकून सोबत गेलो. बाहेरच्या बाकावर बसून मी देवाकडे दोन उलट गोष्टी मागत होतो: डॉक्टरला काही सापडू नये, आणि सापडावं. बऱ्याच वेळानं नाना बाहेर आले. हातात डॉक्टरांचा कागद होता.

"काय व्हयनं?"

"लाईन बंद. आते शेडमा बठानं." गाडी चालवणं संपलं होतं.

आम्ही स्टेशनवर आलो. जळगावकडे जाणारी गाडी लागलेली होती. इंजिनात नानांच्या ओळखीचा, त्यांच्याहून बराच तरुण ड्रायव्हर होता. त्यानं खाली वाकून हाक मारली, "नाना, या ना वर!" नानांनी हात उंचावून नको म्हटलं. थरथर त्यालाही दिसली असेल. नानांनी हात लपवला नाही.

आम्ही डब्यात चढलो. नाना खिडकीशी बसले. मला माफी मागायची होती; शब्द जुळवत मी दारातच उभा राहिलो.

"नाना, मी..."

"माले दिवाळीपासून माहीत व्हतं," ते म्हणाले. "कोनी बोलत नव्हतं. मी बी नही." मग त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली. "बस आते. गाडी सुटी राहिनी."

गाडी हलली ती धक्का देऊनच. नानांनी तोंड वाकडं केलं आणि इंजिनाच्या दिशेनं पाहत म्हणाले, "शिकई. टाइम लागस."