सरांची पुढची जागा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते देवळीच्या आमच्या गणिताच्या सरांचे. आमच्या घरात दहावीपलीकडे कोणी गेलं नव्हतं. मी आठवीत शेवटच्या बाकावर बसायचो. एके दिवशी सरांनी माझं दप्तर उचलून पहिल्या बाकावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून तुही जागा इथं." पुढे बी.एस्सी.चा फॉर्मही त्यांनीच वर्ध्याला सोबत येऊन भरला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला मुंबईत नोकरी लागली, समुद्रापलीकडे मांडव्याला माणसं नेणाऱ्या कॅटामरान बोटीवर. गावी ही बोट समजावताना मी दोन चपला शेजारी शेजारी ठेवून त्यांवर पाट ठेवायचो. खाली दोन अरुंद बोटी, वर बसायचं दालन. उतारूंना बसवणं आणि कोणाला लागलं-खुपलं तर तसा कागद लिहून ऑफिसात देणं, हे माझं काम.

एका बुडाची बोट लाटेवर सावकाश कलते आणि सावकाश सावरते. कॅटामरान दोन पायांवर उभी असल्यामुळे फारशी कलत नाही, पण जेवढी कलते तेवढी झटक्यानं सरळ होते. समोरून मोठ्या लाटा आल्या की पाणी दोन बुडांच्या मधे कोंडतं आणि दालनाच्या तळाला खालून घण बसावा तसं आदळतं. सगळ्यांत जास्त मार पुढच्या रांगांना. म्हणून समुद्र खवळला की सुकाणूवरचे आमचे तांडेल वेग कमी करून लाट जराशी तिरकी घेत, आणि आम्ही वयस्कर माणसांना मागे, मधोमध बसवत असू. हे एसटीच्या अगदी उलट. एसटीत मागे आदळतं, म्हणून आमच्याकडे मानाच्या माणसाला पुढची जागा देतात.

सरांनी समुद्र पाहिला नव्हता. मी दोन वर्षं आग्रह केला, तेव्हा ते मे महिन्याच्या सुट्टीत आले. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला चार-पाच दिवस उरले होते आणि दुपारच्या फेरीला वारा चढला होता. "पुढं कोणाला बसवू नको, आज आपटणार," असं तांडेलांनी मला बजावलं होतं.

तरी मी सरांना पहिल्या रांगेत, काचेसमोर बसवलं. त्यांना मागे बसा म्हणायला माझी जीभ वळेना.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "काऊन रे, सारे मागं, अन् मलेच पुढं?"

"सर, तुमची जागा पुढंच."

हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं. बंदराबाहेर पडल्यावर पहिला घण बसला, तेव्हा सरांनी समोरचा दांडा घट्ट धरला. थोड्या वेळानं मांडव्याचा किनारा दिसू लागला आणि मी म्हणालो, "सर, उठून पाहा." ते दांडा सोडून उठले. पुढची लाट बसली आणि ते उजव्या हातावर पडले.

मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर झाल्यावर मी कागद लिहिला: 'सूचना देऊनही उतारू चालत्या बोटीत उभे राहिले.' खरं लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. सहीसाठी कागद सरांपुढे धरला. वाचून घ्या, असंही मी म्हणालो नाही.

"तुह्या अक्षरातलं आहे, मी काय वाचू?" ते म्हणाले आणि डाव्या हातानं सही केली.

दिवाळीनंतर रजा काढून देवळीला गेलो, तेव्हा शाळा सुरू झाली होती. सर फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढायचे, एका फिरकीत, आणि शेवट सुरुवातीला बरोबर मिळायचा. त्या दिवशी वर्गाच्या दारातून पाहिलं. हात वर जाऊन अडखळला, वर्तुळाची दोन टोकं वीतभर लांब राहिली. सरांनी ती खडूनं जोडून घेतली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा आला. इतिहासाचे गुरुजी मिश्कील होते. सर समुद्रात नाचायले गेलते म्हणे, असं ते मला सांगू लागले. सगळे हसले, सरही हसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माहीच चूक होती. याचा काही दोष नाई. मीच उभा राह्यलो."

मी कप तोंडाला लावून बसलो. सरांना खरंच स्वतःची चूक वाटत होती की सारं ओळखून ते मला झाकत होते, हे मला आजही सांगता येत नाही. मुंबईला परत येऊन तिसऱ्या दिवशी मी हे पत्र टाकलं.

"आदरणीय सर,

सादर नमस्कार.

त्या दिवशी पुढे बसवू नको असं मला सांगितलेलं होतं. मी ऐकलं नाही. तुम्ही आपणहून उठला नाहीत, मी उठा म्हणालो म्हणून उठलात. कागदावर मी उलट लिहिलं. आज सकाळी ऑफिसात खरी हकीकत लिहून दिली. नोकरीचं काय ते आठवड्याभरात कळेल. तसंच हे पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवावं, ही विनंती.

तुम्ही सही केलेल्या कागदाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. माझ्याच अक्षरातली आहे, तरी या वेळी वाचून पाहा.

आपला विद्यार्थी"