परातीपुढे बसून केलेली खूण

"पुसा ते," मावशी म्हणाल्या. "मला न्हाई करायचं ऑपरेशन."

त्यांच्या पोटावर, बेंबीच्या डावीकडे थोडं खाली, मी नुकताच मार्करने एक गोल काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं.

शकुंतला मावशी लातूरला मेस चालवतात. क्लासेससाठी गावोगावहून आलेल्या मुली दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवतात. नवरा वारल्यापासून घर याच मेसवर चालतं. त्यांना गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर होता. गाठ फार खाली असली की तो भाग काढून शौचाची जागा कायमची शिवून टाकावी लागते. मग वरच्या चांगल्या आतड्याचं टोक पोटाला छिद्र करून बाहेर आणतात. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटणारी पिशवी लावायची, शौच तिच्यात जमा होतं. नीट बसवली तर वासही येत नाही.

मी सर्जरी विभागात नर्स प्रॅक्टिशनर आहे. लोक विचारतात, म्हणजे डॉक्टर का? नाही. मी नर्सच आहे, पण पुढचं शिक्षण घेतल्यामुळे पेशंटला तपासणं, ऑपरेशनची तयारी, नंतरची जखम आणि औषधं यातलं बरंच काम सर्जनच्या देखरेखीखाली मी करते. माझे आईवडील लोह्याजवळ शेती करतात. एसटीचा पास काढून मला नांदेडला कॉलेजात पाठवलं तेव्हा मी नक्की काय शिकते हे त्यांना सांगता येत नव्हतं. तरी पाठवलं. हे काम मला त्यांच्यामुळे मिळालं.

स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आधी ठरवणं हेही माझ्याकडे असतं. पेशंटला झोपवून, उभं करून, खुर्चीवर बसवून बघायचं. पोटाला घडी पडते तिथे पिशवी चिकटत नाही. मी हे सगळं केलं होतं. गोल शिकवल्याप्रमाणे बरोबर जागी होता.

"मावशी, भीती कशाची वाटते? भुलीची?"

"भुलीची न्हाई. पोरी जेवायला बसल्यात, मी परातीपुढं बसले, आन् तवाच ती पिशवी सुटली तर? पुन्हा माझ्या हातचं कोण खाईल?"

सोबत त्यांची धाकटी बहीण छबूबाई होती, निलंग्याहून आलेली. ती म्हणाली, "अक्का, जीव राहिला तर भाकरी करशील ना?"

"तू गप. भाकरी राहिली न्हाई तर जिवाला घेऊन काय करू? तुझ्या दारात येऊन बसू?"

"ये की. भांडी घासायला कुणी तरी लागतंयच मला."

मावशींना हसू आलं, पण "पुसा" काही त्या सोडेनात. आम्ही अशा वेळी "काही होत नाही" असं म्हणतो. तेच माझ्या तोंडावर आलं होतं. पण हे मी कशाच्या जोरावर सांगणार होते? आमच्या घरी एकच खुर्ची होती आणि ती पाहुण्यांसाठी होती. चुलीपुढे ती कधी गेली नाही.

"भाकरी करताना कशा बसता, दाखवता का?"

छबूबाई कॅन्टीनमधून परात घेऊन आली. "पीठ बी आणू का, ताई? राउंडला येणाऱ्या डॉक्टरला गरम गरम होईल." मी फरशीवर चादर अंथरली. मावशी डावा गुडघा उभा करून, उजवा पाय दुमडून बसल्या. पुढे वाकल्या आणि रिकाम्या परातीत तळहाताने पीठ मळू लागल्या. मी साडी बाजूला करून पाहिलं. गोल दिसेना. अर्धा घडीत गेला होता, अर्ध्यावर परकराची नाडी होती. पिशवी तिथे असती तर दुसऱ्या भाकरीलाच सुटली असती.

मावशींची भीती खरी होती.

मी त्यांना तसंच बसवून नवी जागा शोधली. ती चांगली चार बोटं वर निघाली, नाडीच्याही वर. तिथे वाकल्यावर घडी पडत नव्हती. मान खाली घातली की मावशींना स्वतःलाही दिसत होती. मी सर्जनना फोन केला.

"इतकी वर?" सर म्हणाले. "आतडं तिथपर्यंत यायला हवं. डाव्या बरगडीखाली ते चिकटलेलं असतं, तिथून सोडवावं लागेल. भुलीचा वेळ वाढेल. त्यांना शुगर आहे."

"सर, तुम्ही एकदा येऊन बघा."

सर आले. मावशींना पुन्हा बसायला सांगितलं. ते स्वतः उकिडवे बसून बघत राहिले. मग मावशींना म्हणाले, "वरच्या जागेला माझी मेहनत जास्त आहे आणि तुम्हाला त्रासही थोडा जास्त. आतडं पुरलं नाही तर खालीच करावं लागेल. चालेल?"

"तुम्ही वरचं धरून चला," मावशी म्हणाल्या. "मग घ्या सही."

सकाळी मी टेबलाशी असिस्ट करत होते. गाठ निघाली. आतड्याचं टोक वरच्या छिद्राकडे आणलं तर ताण येत होता. ताण असलेला स्टोमा नंतर आत ओढला जातो किंवा काळा पडतो. सरांनी भूलतज्ज्ञ मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "शुगर, बीपी ठीक आहे. घ्या वेळ." सरांनी आणखी आतडं सोडवलं. टोक वर आलं आणि सैल राहिलं. रंग गुलाबी होता. गुलाबी म्हणजे रक्तपुरवठा चांगला. 

पुढचे दिवस सोपे नव्हते. मावशींनी आधी स्टोमाकडे बघायचंच नाकारलं. पिशवी बदलायला प्रथम छबूबाई शिकली. "अक्काचं लंगोट मी लहानपणी बदललं न्हाई, ते आता बदलायलाव," म्हणायची. एकदा तिने पिशवी वाकडी लावली तेव्हा मावशी चिडून म्हणाल्या, "सरक तिकडं, मीच लावते." त्या दिवसापासून त्याच लावतात.

जखम पूर्ण भरेपर्यंत मेस छबूबाईने सांभाळली. तिच्या जाड भाकऱ्यांवर मुली फार खूश नव्हत्या असं कळलं. मावशींनी मुलींना स्वतःच सगळं सांगितलं. दोघींनी मेस बदलली. बाकीच्या राहिल्या.

मागच्या तपासणीला मी विचारलं, "पिशवी सुटते का?"

"परातीपुढं एकदा बी न्हाई. पण आता डावा न्हाई, उजवा गुडघा उभा करते. पिठाचा डबा छबू उचलती. पहिल्यासारक्या भाकरी भराभर होत न्हाईत, ताई."

पहिल्यासारखं सगळं होईल असं मी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगतही नाही. पण आता खूण करायच्या आधी प्रत्येकाला विचारते, घरी काम करताना बसता कसे? कुणी खुरपायला बसून दाखवतं, कुणी शिलाई मशीनवर वाकून. थोडा वेळ जातो. झोपलेल्या पेशंटच्या पोटावर कुठेही गोल काढा, तो बरोबरच दिसतो.